ड्रमची खोली: पाऊस लागण्याआधी उरकायची तयारी

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात फोंड्याच्या घरातली आमची मागची खोली मी ड्रम रेकॉर्डिंगसाठी तयार केली. चवथीच्या आरत्या घुमट (मातीच्या भांड्यावर कातडे ताणलेले गोव्याचे वाद्य) आणि ड्रमसेटवर रेकॉर्ड करायच्या होत्या, म्हणून सगळी घाई. ऑगस्टअखेर आवाज शोषायला लावलेले, कापडाने मढवलेले एक पॅनेल भिंतीवरून उतरवले, तर मागे पॅनेलच्याच मापाचा काळा चौकोन उमटलेला, गिलावा फुगून सुटलेला आणि पॅनेलच्या कापडाला बोट लावले तर ओले. आठही पॅनेल टाकून द्यावी लागली. कारण एकच: पॅनेल आणि भिंत यांच्यात मी मोकळी जागा सोडली नव्हती. यंदा कोणी हे काम काढत असेल तर ते वाक्य आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मोकळी जागा. चार इंच. पंजा आडवा आत शिरला पाहिजे इतकी.

आता सुरुवातीपासून. पॅनेल लावून बाहेर जाणारा आवाज थांबत नाही. त्याला जड भिंत, जाड दार आणि बुजवलेल्या फटी लागतात. ते काम वेगळे, खर्चही वेगळा. आपण इथे फक्त खोलीच्या आत घुमणाऱ्या आवाजाचे बोलतोय. शेजाऱ्यांना आधी विचारा आणि रात्री दहानंतर वाजवू नका.

खोली निवडताना दहा बाय दहाची चौरस टाळा. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतरावर एक खालचा सूर ठरतो: बारा फुटांना साधारण 47 हर्ट्झ, दहा फुटांना 57, नऊ फूट उंचीला 63. बास ड्रमचा मूळ सूर नेमका याच पट्ट्यात, म्हणजे 50 ते 80 च्या आसपास पडतो. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्हींचा सूर एकाच जागी येतो आणि तो एक ठोका घुमत राहतो, बाकीचे बारीक ऐकू येतात. आमची बारा बाय दहाची आहे, चालते. थेट कौलांखालची खोली नको, पावसाचा आवाज माइकमध्ये येतो. चिऱ्याची भिंत बाहेरून पाणी ओढते, म्हणून आधी बाहेरचा गिलावा तपासून घ्या. हे एप्रिलमध्येच. जूनमध्ये गवंडी मिळाला तरी भिंत सुकत नाही.

सामान. अंड्यांचे ट्रे अजिबात नको. एक इंची फोमही नको: तो झांजांची चमक खातो, खालचा घुमारा तसाच ठेवतो, शिवाय लवकर पेट घेतो. रॉकवूलच्या (दगड वितळवून काढलेल्या लोकरीच्या), घनमीटरला 48 किलो घनतेच्या, 50 मिलिमीटर जाडीच्या लाद्या घ्या आणि लाकडी चौकटीत दोन एकावर एक ठेवा. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. खाज दोन दिवस जात नाही. वर मांजरपाट. कापड तोंडाला लावून फुंकर मारा, हवा आरपार गेली तर आवाजही जाईल. रेक्झिन लावाल तर सगळी मेहनत फुकट.

आता तेच पुन्हा, कारण हेच मी चुकलो. भिंतीला अगदी चिकटून हवा हलूच शकत नाही. रॉकवूल काम करते ते हलणाऱ्या हवेला आपल्या तंतूंत घासवून. म्हणून तीच लादी भिंतीपासून चार इंच पुढे आणली की जास्त खालचे सूर पकडते, एक रुपयाही न वाढवता. आणि आपल्याकडे दुसरे कारण पहिल्यापेक्षा मोठे: पावसाळ्यात ओलसर भिंतीला चिकटलेल्या पॅनेलमागे हवा कोंडते. रॉकवूल स्वतः कुजत नाही, पण त्यातली धूळ, कापड आणि लाकडी चौकट बुरशीला पुरते. चौकटीच्या चारी कोपऱ्यांना चार इंची ठोकळे मारा, वरची आणि खालची बाजू उघडी ठेवा. सुतार म्हणेल, पट्टी मारून बंद करतो, दिसायला बरे. करू देऊ नका. माझ्या सुताराने केली होती आणि मी बघत उभा होतो.

कोपऱ्यांत पॅनेल तिरके उभे करा. तिथे खालचे सूर साचतात आणि मागे जागा आपोआप मिळते. फरशीपासून मात्र दोन इंच उचला.

छत विसरू नका. वरचे माइक छतापासून फूटभर खाली असले, तर छतावरून परतणारा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा येऊन मिसळतो आणि स्नेअर (सेटमधला खणखणीत वाजणारा छोटा ड्रम) पोकळ ऐकू येतो. ड्रमसेटच्या डोक्यावर दोन पॅनेल टांगा. इथेही छताला चिकटवायचे नाही, साखळीने खाली सोडायचे.

सगळी खोली मऊ करू नका. ड्रमर बसतो त्याच्या समोरची अर्धी भिंत उघडी राहू द्या, नाहीतर वाजवणाऱ्याला आपलाच हात परका वाटतो. टाळी वाजवा, पत्रा थरथरल्यासारखे ऐकू आले तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींपैकी एकीवर पॅनेल हवे.

घुमट असेल तर आणखी एक. ड्रमसेटची प्लॅस्टिकची पाने दमटपणाला दाद देत नाहीत, पण घुमटाचे बकऱ्याचे कातडे ढिले पडते. रेकॉर्डिंगआधी शेकून घ्या आणि प्रत्येक दोन आरत्यांनंतर पुन्हा ऐका. शामेळ (घुमटाच्या जोडीला काठ्यांनी वाजवायचे कातड्याचे वाद्य) वाजवणाऱ्यालाही तेच सांगा.

बाकी: सेटखाली जाड गालिचा, पंखा बंद, फ्रिजची खोली लांब, जादा केबल. रेकॉर्डिंग नसेल तेव्हा डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारे यंत्र) चालू.

जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन प्रत्येक पॅनेलच्या मागे बघा. हात घाला, भिंत चाचपा. हात आत जात नसेल तर पॅनेल त्याच दिवशी उतरवा आणि ठोकळे बदला.