दारू घेतली असेल तर दुखण्यावरची गोळी कशी घ्यायची, कधी टाळायची

मेडिकलमध्ये डोकेदुखीची, अंगदुखीची गोळी मागाल तेव्हा दारूचं आधी सांगा. काल रात्री घेतली होती, आज घेणार आहे, रोज घेतो, जे असेल ते. माझं दुकान बेळगावात, शहापुरात आहे. गोळी मागणारे सगळं सांगतात: कंबर कुठे धरलीय, कधीपासून दुखायलीय, मागच्या वेळी कुठली गोळी लागू पडली. दारूचं तेवढं सांगत नाहीत. आणि पॅरासिटामॉल द्यायची, आयबुप्रोफेन द्यायची की आज काहीच नको म्हणायचं, हे पुष्कळदा त्या एकाच उत्तरावर ठरतं.

लाज वाटते हे मला कळतं. काउंटरला शेजारी गल्लीतलंच कोणीतरी उभं असतं. पण "अक्का, मी घेतो, मला चालेल ती द्या" एवढं हळू आवाजात म्हटलं तरी पुरतं. नवऱ्यासाठी, सासऱ्यासाठी गोळी न्यायला बहुतेक बायकाच येतात, म्हणून मी आधी विचारते, "वैनी, गोळी तुम्हाला की घरच्यांना?" घरच्यांना म्हटलं की माझा पुढचा प्रश्न दारूचा असतो. थोडा वेळ गप्प राहतात, मग सांगतात. घरच्या बायकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे सांगण्यात चुगली नाही. गोळी ज्याच्या पोटात जाणार त्याच्या यकृताची ती माहिती आहे.

किती घेतली ते मोजा

"थोडीशीच" हे माप नाही. आपल्याकडे मिळणारी व्हिस्की, ब्रँडी, रम साधारण ४२.८ टक्के असते. तिचा ३० मिलीचा एक पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ९० मिलीच्या पाकिटात असे तीन पेग, १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सहा, म्हणजे ६० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली धरली तर ४० ग्रॅम होतात. बिअर म्हणजे काही नाही असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, ते चार पेग झाले. चोर्ला घाटातून येणारी काजूची फेणी व्हिस्कीच्याच बरोबरीची कडक असते. उर्राक, म्हणजे काजूचीच एकदा गाळलेली दारू, त्या मानाने सौम्य, पण ती ग्लास भरभरून पितात. कॅन्टीनची रम घेणारे आमचे माजी सैनिक पेग मापूनच घेतात, फक्त त्यांचा पेग ६० मिलीचा असतो, म्हणजे हिशेबात दोन.

शरीर हे अल्कोहोल तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या गतीने काढून टाकतं. रात्री दहाला क्वार्टर संपली तर पहाटे पाच-सहापर्यंत ती रक्तात आहे असं धरून चला. झोप झाली, तोंड धुतलं, चहा घेतला, याने ही गती वाढत नाही.

पॅरासिटामॉल: धोका कुठे आहे

डोलो ६५०, क्रोसिन, कॅल्पॉल या सगळ्यांत मुख्य औषध एकच, पॅरासिटामॉल. निरोगी मोठ्या माणसाला योग्य प्रमाणात ते सुरक्षित आहे. बहुतेक भाग यकृत सरळ बाहेर काढून टाकतं, पण थोड्या भागाचं एक विषारी द्रव्य बनतं. ते निवळायला यकृतात ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना भेंडीचं पाणी घालून मळी वर काढतात ना, तसं काम ते करतं. भेंडी संपली आणि रस उकळतच राहिला तर मळी गुळात जाणार.

रोज पिणाऱ्याच्या यकृतात दोन गोष्टी एकदम बिघडलेल्या असतात. विषारी द्रव्य बनवणारं एन्झाइम वाढलेलं असतं आणि ग्लुटाथायोन कमी झालेलं असतं. जेवण नीट नसेल तर ते आणखी कमी. ऊसतोडीच्या हंगामात सकाळी चहावर शेतात, संध्याकाळी पाकीट आणि मग जेवायची इच्छाच नाही, अशी माणसं मी बघते. त्यांच्यासाठी चार गोळ्यांचा अर्थ तुमच्या-माझ्यापेक्षा वेगळा आहे. यातली एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: अल्कोहोल अंगात असतं तोवर ते त्याच एन्झाइमला गुंतवून ठेवतं, आणि रोज पिणाऱ्याला जास्त धोका दारू उतरल्यानंतरच्या काळात असतो. म्हणजे "रात्री नको, सकाळी चार गोळ्या घेतो" हा उपाय नाही.

माप असं ठेवा. कधीतरी एक-दोन पेग घेणारा, यकृताचा त्रास नसलेला मोठा माणूस ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी घेऊ शकतो. पुढची गोळी कमीत कमी सहा तासांनी. निरोगी माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे, पण तिच्या जवळ जायचं कारण नाही. रोज तीन पेग किंवा त्याहून जास्त घेणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावं. अशांना बरेच डॉक्टर दिवसाला २ ग्रॅमच्या आत राहायला सांगतात, म्हणजे ६५० च्या तीन गोळ्या, तेही एक-दोन दिवसच. कावीळ होऊन गेलेली, पोटात पाणी झालेलं, यकृत सुजलेलं असेल तर स्वतःच्या मनाने एकही नको.

आता खरी फसगत कुठे होते ते बघा. ताप म्हणून डोलो ६५० तीनदा घेतली. सर्दी म्हणून सिनारेस्ट तीनदा, तिच्यातही ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. पाठीसाठी कोणीतरी दिलेली झेरोडॉल-पी दोनदा, तिच्यात ३२५. बेरीज करा: १९५०, १५०० आणि ६५०, म्हणजे ४१०० मिलिग्रॅम. घेणाऱ्याच्या लेखी ती तीन वेगवेगळ्या दुखण्यांची तीन औषधं असतात. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल आहे, सॅरिडॉनमध्येही आहे. म्हणून पाकिटावरचं मोठं नाव सोडून त्याखालचं बारीक अक्षर वाचा, नाहीतर दुकानदाराकडून वाचून घ्या. तो वाचून द्यायला बांधील आहे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन: इथे पोटाचा प्रश्न

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अॅसिड, डिस्प्रिनमधलं अॅस्पिरिन, ही सगळी एकाच गटातली औषधं. ज्या द्रव्यांमुळे सूज आणि वेदना होते ती द्रव्यं ही औषधं थांबवतात, पण त्याच द्रव्यांपैकी काही पोटाच्या आतल्या अस्तराचं रक्षण करतात आणि मूत्रपिंडाला रक्तपुरवठा राखतात. रक्षण निघून गेलं आणि वरून दारू गेली, की अस्तर सोलवटतं, व्रण होतो, रक्त जातं. उपाशीपोटी तर जास्तच. दारूने लघवी जास्त होऊन अंगातलं पाणीही कमी झालेलं असतं, त्यामुळे मूत्रपिंडावर ताण येतो. उद्यमबागच्या फाउंड्रीत भट्टीसमोर दिवसभर घाम गाळायचा, संध्याकाळी बैठक आणि झोपताना डायक्लोफेनॅक, या क्रमाला मी दुकानात कधीही हो म्हणत नाही.

डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅकच्या पाकिटावर तांबडी रेघ असते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीची खूण आहे. तरी लोक या गोळ्या शेंगदाणे मागितल्यासारख्या मागतात आणि मिळतातही, हे मला मान्य नाही.

नियम असा: पिण्याच्या दिवशी या गटातली गोळी नको. आधी घेतलेली असेल तर त्या दिवशी दारू नको. पूर्वी अल्सर झालेला, साठी उलटलेली, रक्त पातळ करणारं औषध, ब्लड प्रेशर किंवा किडनीचा त्रास असेल तर दारू असो वा नसो, विचारल्याशिवाय नको. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली ७५ मिलिग्रॅमची अॅस्पिरिन या लेखामुळे बंद करू नका. ती चालू ठेवा आणि दारूचं त्या डॉक्टरांना सांगा.

पावसाळ्यात आणखी एक. ताप असेल आणि डेंग्यूची साथ चालू असेल, तर या गटातली कुठलीच गोळी नको, कारण डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. ताप पॅरासिटामॉलनेच उतरवा, मापात, आणि त्या दिवसांत दारू पूर्ण बंद; रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र ती डॉक्टरांना विचारूनच बंद करावी.

ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या, उदाहरणार्थ अल्ट्रासेट, या वेगळ्याच. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. दारूबरोबर ती झोप आणते, श्वास मंदावतो, आणि घोरतोय असं वाटत असताना माणूस जाऊ शकतो. घरात ऑपरेशनच्या वेळच्या उरलेल्या असतील तर त्या कुणाला "अंगदुखीची आहे" म्हणून देऊ नका. सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामीनने दारूची गुंगी आणखी चढते. घेतली असेल तर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या.

सकाळी डोकं धरलंय, मग काय करायचं

गणेश विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, गावोगावच्या लक्ष्मीयात्रेत पाहुणे असतात, आणि दुसऱ्या सकाळी "डोस्कं फुटायलंय, दोन गोळ्या द्या की" म्हणत लोक येतात. गोळीच्या आधी पाणी. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, घोट घोट. नाहीतर मीठ घातलेलं ताक, नाचणीची अंबील. मग काहीतरी खा, भाकरी असो की इडली. तासाभराने डोकं उरलं असेल आणि तुम्ही रोज पिणारे नसाल, तर पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी. उपाशीपोटी डिस्प्रिन विरघळवून प्यायची पद्धत सोडा, पोट आधीच सोललेलं असतं.

मात्र रात्री पडला असेल, गाडीवरून किंवा जिन्यावरून, डोक्याला मार असेल आणि आता डोकं दुखतंय, उलटी होतेय, बोलणं अडखळतंय, नेहमीपेक्षा जास्त झोपतोय, तर गोळी देऊन झोपवू नका. "उतरंना अजून" म्हणत वाट बघण्यात मेंदूतल्या रक्तस्रावाचे तास जातात. सरळ सिव्हिलला नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

हातभट्टीचंही इथेच सांगते. कर्नाटकात २००७ साली सारायी, म्हणजे देशी दारू, बंद झाली, पण चोरून गाळलेली अजून मिळते. ती प्यायल्यावर डोकेदुखीबरोबर अंधुक दिसत असेल, श्वास जोरात चालत असेल, तर ते मिथेनॉल असू शकतं. त्यावर दुकानात औषध नाही. १०८ ला फोन करा.

पाठीचं, खांद्याचं रोजचं दुखणं असेल तर लावायचा जेल आणि गरम पाण्याची पिशवी हे पिणाऱ्यासाठी गोळीपेक्षा कितीतरी चांगलं. जेलमधलं औषध रक्तात फार थोडं जातं. वडगावात मागावर दिवसभर बसणाऱ्यांना मी जेलच देते आणि दर तासाला उठून पाठ सरळ करायला सांगते.

लगेच दवाखाना कधी

काळी, चिकट शी (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण चिकट आणि उग्र वासाची नसते). रक्ताची किंवा काळपट तपकिरी, दाणेदार उलटी. चक्कर येऊन घाम फुटणं. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, उजव्या बरगडीखाली दुखणं.

पॅरासिटामॉल जास्त गेलं असेल तर यातल्या कशाचीच वाट बघू नका. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही दिसत नाही, माणूस बरा वाटतो. यकृताचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होतं. त्यावर उतारा आहे, एन-असिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. हे आठ तास घरी बघत बसण्यात घालवायचे नसतात.

आणि गोळी घ्यायची म्हणून रोजची दारू एकदम बंद करू नका. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर दोन दिवसांच्या आत हात थरथरणं, फिट येणं, भलतंसलतं दिसणं होऊ शकतं. सोडायची इच्छा असेल तर ती फार मोलाची आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर आहे.

दोन-तीन गोळ्या कापून घेतल्या की तुकड्यावर नाव राहत नाही, तारीख राहत नाही. दुकानदाराला कागदी पाकिटावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि दिवसाला किती हे मराठीत लिहून मागा. आम्ही लिहून देतो. ते पाकीट गोळ्या संपेपर्यंत टाकू नका, आणि दवाखान्यात जायची वेळ आलीच तर खिशात घेऊन जा. डॉक्टर तेच पहिल्यांदा मागतात.