कोकणातल्या सिनेमासाठी सरकारी निधी हवाय? आमदारांकडे असा पाठपुरावा करा

निवेदन द्यायचं, आमदारसाहेबांसोबत फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी तो स्थानिक पेपरात आला की काम झालं म्हणायचं. आपल्याकडच्या बऱ्याच मागण्या इथेच संपतात. सरकारी पैसा सुटतो तो लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पात त्या खर्चासाठी असलेल्या ओळीखाली. अर्थसंकल्पात तरतूद नसेल तर व्यासपीठावरून दिलेल्या शब्दाला काही अर्थ नाही. म्हणून सगळी खटपट त्या एका ओळीसाठी करायची.

मागणी नेमकी करा. ‘कोकणातल्या सिनेमाला प्रोत्साहन द्या’ यावर कुणीही मान डोलावेल आणि विसरून जाईल. मराठी चित्रपटांना राज्याचं अनुदान आहेच, पण ते चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळून, परीक्षण समितीने दर्जा ठरवल्यावर. कुडाळ किंवा गुहागरमधल्या नवख्या दिग्दर्शकाचं घोडं त्याच्या बरंच आधी अडतं. कॅमेरा, लाइट, साउंडचं सामान मुंबईहून आणायचं, तर येण्याजाण्याच्या दिवसांचंही भाडं अनेकदा अंगावर पडतं. तेव्हा मागायचं असेल तर चित्रीकरणाआधीपासून हप्त्याहप्त्याने मिळणारं अर्थसहाय्य मागा, किंवा रत्नागिरी-सिंधुदुर्गात माफक भाड्याने साहित्य देणारं केंद्र. दोन्ही एकाच निवेदनात कोंबू नका.

कुणाच्या हातात काय आहे ते बघा. अनुदानाचा विषय सांस्कृतिक कार्य विभागाचा. गोरेगावची चित्रनगरी चालवणारं महामंडळही त्याच विभागाखाली येतं. जिल्हा पातळीवरच्या छोट्या कामासाठी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती आहे. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथल्या परवानगीसाठी आमदारांना गळ घालून उपयोग नाही. आमदार निधीतून सिनेमा काढता येईल, या भ्रमातही राहू नका.

आकडे आधी हातात ठेवा. माहिती अधिकारात 10 रुपये भरून विचारा: गेल्या पाच वर्षांत रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधल्या किती निर्मात्यांनी अनुदानासाठी अर्ज केले, किती जणांना मिळालं? उत्तराची मुदत 30 दिवस. आकडा लहान आला तर तोच तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा. सोबत जेवण, निवास, होडी, गाडी, सुतारकाम, शिलाई यांतून एका चित्रीकरणाचा किती पैसा गावात राहतो, त्याचा हिशेब खऱ्या बिलांवरून मांडा. आमदार कलेपेक्षा रोजगाराचं लवकर ऐकतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

एकाच आमदाराच्या भरवशावर राहू नका. विधानसभेच्या 288 जागांपैकी सिंधुदुर्गात 3, रत्नागिरीत 5 आणि रायगडमध्ये 7. पक्ष कोणताही असो, जमतील तेवढ्यांची सही एकाच पत्रावर घ्या. विधान परिषदेतल्या कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक मतदारसंघांकडे लोक सहसा फिरकत नाहीत. तुम्ही जा.

वेळ साधा. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण विभागांची पुढच्या वर्षाची जुळवाजुळव पावसाळा सरला की सुरू होते. म्हणजे गणपतीपासूनच कामाला लागायचं. त्या दिवसांत आमदार घरोघर दर्शनाला फिरत असतात. आरतीच्या गर्दीत निधीचा विषय काढू नका, पीएकडून फक्त भेटीची तारीख घ्या. शिमग्याला जाग आली तर गाडी चुकली. मग पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितल्या जाणाऱ्या जादा खर्चाच्या मंजुरीची, वाट बघायची. आचारसंहिता लागली की नवी घोषणा होणार नाही, हेही धरून चाला.

कागद एकाच पानाचा ठेवा. मागणी, रक्कम, विभाग, कारण, बस्स. मंत्र्यांपर्यंत पोचलात तर तुमच्या निवेदनाच्या कोपऱ्यात ते काय शेरा मारतात, तो तिथल्या तिथे वाचा. ‘आवश्यक कार्यवाही करावी’ हा शेरा बहुधा टपालातच मुरतो. ‘प्रस्ताव सादर करावा’ असं लिहून मिळालं तर विभागाला फाईल उघडावी लागते, म्हणून तसं लिहून देण्याची नम्रपणे विनंती करा. निवेदन दाखल झाल्याचा आवक क्रमांक घेतल्याशिवाय मंत्रालयातून बाहेर पडू नका.

सभागृहात विषय आणा. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) यांचा मसुदा तुम्हीच लिहून द्या. आमदारांच्या कार्यालयात त्यासाठी माणूस मोकळा असेलच असं नाही. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं तर त्याचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. कार्यवृत्तातला तो उतारा काढून फाईलला लावा.

तरतूद झाली तरी जानेवारीत माहिती अधिकाराचा पुन्हा एक अर्ज टाकून विचारा: त्यातली किती रक्कम प्रत्यक्ष वितरित झाली? 31 मार्चपर्यंत न खर्चलेला पैसा सहसा परत जातो, आणि पुढच्या वर्षी विभाग तेच कारण दाखवून तरतूद कापतो.