नवं यंत्र आलं की या चुका टाळा

वीस वर्षं लेथवर काढलेला टर्नर सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं यंत्र) समोर आलं की म्हणतो, "आता आपलं काही खरं नाही." माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच: हातातलं कसब स्वतःच भंगारात काढणं.

पीएलसीचंच, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचंच बघा. १९६० च्या दशकाच्या शेवटी तो आला आणि पॅनलमधल्या रिलेंच्या (विजेवर चालू-बंद होणाऱ्या स्विचांच्या) रांगा हळूहळू गेल्या. पण त्याचा प्रोग्रॅम लिहायची लॅडर भाषा मुद्दाम रिले सर्किटच्या ड्रॉइंगसारखी ठेवली होती, पॅनलवरच्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता यावी म्हणून. मोटर स्टार्टरमधला होल्डिंग कॉन्टॅक्ट (बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारी जोडणी) ज्याला कळतो, त्याला लॅडरमधली तीच जोडणी पहिल्याच दिवशी ओळखू येते. सीएनसीवरही फीड (टूल सरकण्याचा वेग) आणि स्पीडचे (फिरण्याच्या वेगाचे) आकडे प्रोग्रॅममध्ये असतात, पण टूल बोथट झालंय हे आवाजावरून ओळखणारा कान जुन्या कारागिराचाच असतो. पातळ जॉब (कापायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे तो धरणाऱ्या पकडीत, किती आवळायचा, हेही त्यालाच ठाऊक.

दुसरी चूक म्हणजे बटणं पाठ करणं. मेनू बदलला की हात अडतो. प्रोग्रॅममधला जी०० हा कोड म्हणजे जलद सरकणं, जी०१ म्हणजे सरळ रेषेत कापणं, हे मात्र बहुतेक कंट्रोलरवर सारखंच असतं. त्यामुळे वर्क झीरो (जॉबवरचा मोजमापाचा शून्य बिंदू) आणि टूल ऑफसेट (प्रत्येक टूलच्या मापाचा भरलेला आकडा) कशासाठी असतात ते आधी समजून घ्या.

यंत्र बसवायला इंजिनिअर येतो तेव्हा लांब उभं राहू नका. तसे दिवस पुन्हा मिळत नाहीत. प्रत्येक अलार्मचा नंबर, कारण आणि त्याने काय केलं, हे वहीत उतरवा. पॅरामीटरचा (यंत्राच्या सेटिंगच्या आकड्यांचा) बॅकअप कुठे ठेवलाय ते विचारा. अनेक जुन्या कंट्रोलरांची मेमरी बॅटरीवर टिकते. बॅटरी संपली की सगळं पुसलं जातं, आणि अशा वेळी ती वही असलेल्या माणसालाच हाक मारतात.

कोर्स केला, सर्टिफिकेटही आलं, पण हात बसत नाही? सरावाशिवाय शिकलेलं लवकर विसरतं. घरी सिम्युलेटरवर रोज एक छोटा प्रोग्रॅम लिहा.

आणि साहेब नव्या यंत्राला हातच लावू देत नसतील, तर थेट प्रोग्रॅमिंग मागू नका. पहिला जॉब मोजण्याचं काम मागा. मग सेटरसोबत (यंत्र जॉबसाठी जुळवणाऱ्यासोबत) ऑफसेट भरा, त्याच्या देखरेखीखाली जॉब न लावता ड्राय रन घ्या. चालत्या उत्पादनावर प्रयोग मात्र कधीच करू नका. एकदा टूल चकवर आदळलं की पुन्हा संधी मिळायला फार वेळ लागतो.