कूलरचा पॉइंट: आधी अर्थिंग, मग सॉकेट

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की आपल्याकडे घरोघरी कूलर खिडकीत चढतो आणि मला फोन येतो, "भाऊ, एक पॉइंट काढून द्या." अमळनेरात वायरमनचं काम करतो, म्हणून कळकळीने सांगतो, आधी अर्थिंग, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी वायर, बघा. कूलरची बॉडी पत्र्याची, आत पाणी, आणि टाकी भरणारे हात ओले. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, बॉडीला लागली नि अर्थिंग नसलं, तर करंट माणसातूनच जमिनीत उतरतो. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगची वायर जिथे पुरलेली असते तो खड्डा कोरडा पडतो, अर्थिंग कमजोर होतं. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. अर्थिंगची तपासणी आणि नवी लाईन लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

जुना सॉकेट बदलायचा असेल, तर टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून पेटतो ना, ते बघा. मग मेन पाडा. इन्व्हर्टरही बंद करा. मेन पाडली तरी त्याच्या लाईनवर करंट असतो, हे भलेभले विसरतात. आता सॉकेटच्या तिन्ही भोकांत टेस्टर लावा, कुठेच पेटला नाही, मगच स्क्रू सैल करा.

सॉकेटला समोरून पाहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचं. खटका फेजवरच हवा. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. पण जुन्या घरात नुसत्या रंगावर विसंबू नका.

वायर २.५ एमएमची, तांब्याची. टोक अर्धा इंच सोला, तारा पिळून दुमडा आणि टर्मिनलमध्ये पूर्ण आत घाला. मावत नाही म्हणून चार तारा कापून टाकणारे मी पाहिलेत. पॉइंट तिथेच तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघा. हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे हिसका बसला तरी ती शेवटी सुटेल.

कूलरला दोन पिनांचा प्लग अजिबात नको. तीन कोरची, म्हणजे आत तीन वायरी असलेली वायर आणि तीन पिनांचा प्लग. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी खालीच गळतं. बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाईन तोडणारा खटका, बसवून घ्या आणि तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. ती पडली नाही तर वायरमनला बोलवा. टाकी भरताना मात्र खटक्यावर भागवू नका, प्लगच उपसून ठेवा.