दसऱ्याला कॅम्पर बाहेर काढायचीय? आधी छतावर चढा

आपल्या सोलापुरात कॅम्परचा, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय केलेल्या गाडीचा, सिझन म्हणजे दसरा ते हुरडा संपेपर्यंत, बाकी वर्षभर गाडी दारात उभी. यूट्यूबवर मेंटेनन्स बघायला गेलं की सगळे गोरे लोक बर्फ वितळल्यावर गाड्या उघडत असतात, पाइपात पाणी गोठू नये म्हणून घातलेलं अँटिफ्रीझ काढा, थंडीनं फुटलेला नळ बघा वगैरे. पहिल्या वर्षी मी पण तसंच करत बसलो आणि फसलो, कारण आपल्या गाडीला थंडी मारत नाही वो, मे मधलं ४३-४४ चं ऊन मारतं आणि उन्हानं पडलेल्या भेगांतून मग पावसाळाभर पाणी आत जातं. म्हणून काय बघायचं ते उन्हाच्या हिशोबानं बघायचं.

माझी गाडी जुनी ट्रॅव्हलर मिनीबस, आत बेड, गॅस, ६० लिटरची टाकी, वर सोलर. खंडेनवमीच्या आधीचे दोन रविवार यासाठी राखून ठेवतो, म्हणजे हार घालताना गाडी खरोखर तयार असते.

सुरुवात छतापासून. फॅनची चौकट, सोलरचे पाय, वायर जिथून आत जाते ती जागा, इथलं सीलंट, म्हणजे फटी बुजवायला भरलेला रबरासारखा लेप, नखानं दाबून बघा. मऊ असेल तर ठीक, कडक होऊन कडेनं सुटलं असेल तर गेलं. आतून पण बघायचं, छताच्या प्लायवर चहा सांडल्यासारखा पिवळा डाग दिसला की तिथं अंगठा दाबा. मागच्या वर्षी माझा अंगठा सरळ आत गेला, प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखं झालेलं! आणि गंमत म्हणजे भोक डागाच्या वर नव्हतंच, दोन फूट पुढं सोलरच्या स्क्रूपाशी होतं, पाणी पट्टीवरून घरंगळत येऊन इथं टपकत होतं. त्यामुळे डागाच्या वर सीलंट थापून मोकळं होऊ नका. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं झारीनं पाणी सोडायचं, खालच्या सांध्यापासून वर, एकेका सांध्याला चार-पाच मिनिटं. हे नळाला पाणी आलेल्या दिवशीच करा, आपल्याकडं चार-पाच दिवसांनी येतं, उगाच घरात भांडणं नकोत.

जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढायचं, थिनरच्या फडक्यानं पुसायचं, मगच नवीन भरायचं. सिलिकॉनवर सिलिकॉन धरत नाही. एका मिस्त्रीनं माझ्याकडून पैसे घेऊन जुन्यावरच नवीन ओढून दिलं होतं, पहिल्याच मोठ्या पावसात थेंब परत सुरू. मी आता सिलिकॉनऐवजी पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट वापरतो आणि संध्याकाळी पत्रा गार झाल्यावर भरतो, दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावत नाही.

वर चढलाच आहात तर सोलर पण धुऊन घ्या, पण सकाळी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं पाणी असेल तर लगेच फडक्यानं पुसा, नाहीतर पांढरे डाग बसतात.

मग बॅटरी. ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालावी लागणारी, असेल तर उन्हाळ्यात पाणी उडालेलंच असणार, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि रेघेपर्यंत पूर्ण भरायचं ते चार्जिंग झाल्यावर, आधी भरलं तर उतू जातं. चार्जर काढून काही तासांनी मीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली बरेच दिवस पडून राहिली असेल तर तिचा भरवसा धरू नका. टर्मिनलवरची बुरशीसारखी पावडर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं निघते. केबल काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

गॅसला घाई नको. रेग्युलेटर, पाइपची दोन्ही टोकं, शेगडीचा कॉक, सगळीकडं साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडा फुगला की लीक. काडी ओढून बघणारे महाभाग आहेत अजून. पाइपवर छापलेली तारीख संपली असेल तर दिसायला नवा असला तरी बदला. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून फ्लोअरला भोक ठेवलेलं असतं ते मोकळं आहे का बघा. माझं कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधून अख्खं लिंपून टाकलेलं, स्क्रू ड्रायव्हरनं फोडावं लागलं. उंदरांचं पण तसंच, एअर फिल्टर उघडला तर आत शेंगांची टरफलं! अशा वेळी बॉनेटखालच्या वायरी हातानं चाचपून बघा, नुसतं बघून कुरतडलेलं कळत नाही.

पाण्याच्या टाकीचं काम दोन वेगळ्या दिवशी करा. आपलं पाणी जड, नळाच्या जाळीवर चुना बसतो, तो लिंबूसत्वाच्या पाण्यात जाळी रात्रभर ठेवली की सुटतो. ते सगळं धुऊन टाकल्यावर दुसऱ्या दिवशी ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकत्र कधीच नाही, क्लोरिन गॅस होतो. ६० लिटरला १० ग्रॅम ताजी पावडर, बादलीत कालवून निवळू द्यायची, वरचं पाणी फडक्यानं गाळून टाकीत, टाकी भरून नळ सोडून वास येईपर्यंत पाइपात खेळवायचं. तीन-चार तासांनी काढून टाका आणि वास जाईपर्यंत धुवा, दोनदा तरी लागतंच.

टायरची नक्षी बघून फसू नका. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, उन्हानं बाजूला तडकतात. साइडला चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. माझे सहा वर्षांचे झाले होते, नक्षी शाबूत पण बोटानं वाकवलं की केसासारख्या चिरा, बदलून टाकले. हवा सकाळी गार टायरमध्ये भरा. डिझेल गाडी असेल तर फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून साचलेलं पाणी काढा, ब्रेक ऑइल दोन वर्षांवर गेलं असेल तर बदला, वायपरचं रबर हमखास गेलेलं असतं. पीयूसी आणि इन्शुरन्सची तारीख पण आत्ताच बघा.

हे झालं की लगेच लांब जाऊ नका. तुळजापूर रोडला हिप्परग्यापर्यंत एक चक्कर मारा, ब्रेकचा गंज निघेल, पण कोजागिरीला त्या रोडवर गाडी घालू नका, सगळा रस्ता तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचा असतो. मग एक रात्र दारातच गाडीत झोपा. बायको हसली मला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन स्वतःच्याच दारात मुक्काम! पण रात्री दोनला सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप घर्र करून बंद झाला, दहा मिनिटांनी परत घर्र. पंप असा आपोआप चालला म्हणजे कुठंतरी प्रेशर सुटतंय, पाणी गळतंय. टॉर्च घेऊन बघितलं तर सिंकखालच्या सांध्याला एकच थेंब लटकलेला. सकाळी सांधा उघडून टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेनं गुंडाळला, उलटा गुंडाळला की घट्ट करताना निघून येतो. आणि पुढची रात्र परत दारातच काढली.