पुरात गाडी पोहोचली नाही, तर बाळंतपण कसे करावे

बाळंतपण दवाखान्यातच व्हावे. परंतु पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडची वाट बंद होते आणि कळा पाणी ओसरण्याची वाट पाहत नाहीत. म्हणूनच दिवस भरत आले की गरोदर बाईला आरोग्य केंद्राच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहण्याच्या खोलीत, नेऊन ठेवणे उत्तम. ते जमले नाही आणि 108 ची गाडीही येणार नसेल, तर पुढची तयारी आठव्या महिन्यातच झालेली असावी.

साबण, स्वच्छ प्लास्टिकचा कागद, धुऊन वाळवलेली चार सुती फडकी, वेष्टनातले नवे ब्लेड आणि सुती दोरा एका पिशवीत बांधून ठेवावा. कळा सुरू झाल्या की दोरा 20 मिनिटे उकळावा. सुईणीने नखे कापून, बांगड्या-अंगठ्या काढून, कोपरापर्यंत साबणाने हात धुवावेत आणि ते पदराला न पुसता हवेतच वाळू द्यावेत. बहुतेक घरांत चूक होते ती इथेच: हात नीट धुतले जातात आणि लगेच पदराला पुसले जातात.

बाळ बाहेर येताच त्याला कोरड्या फडक्याने डोक्यापासून पायापर्यंत पुसावे, ओले फडके बाजूला टाकावे आणि त्याला आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवून दुसऱ्या फडक्याने झाकावे. टोपरे विसरू नये. रडले नाही, तर पाठ चोळावी व तळवे टिचकावेत, पण उलटे टांगू नये. तरीही श्वास सुरू झाला नाही, तर पहिल्या मिनिटातच पिशवी-मास्कने श्वास द्यावा लागतो आणि ते काम प्रशिक्षित माणसाचेच आहे. म्हणून आशाताईंना कळा सुरू होताच बोलावून घ्यावे.

नाळेची घाई नको. नाळेतले ठोके थांबल्यावर, साधारण एक ते तीन मिनिटांनी, बाळाच्या पोटापासून दोन बोटांवर एक आणि त्यापुढे दोन बोटांवर दुसरी गाठ घट्ट मारून मधोमध ब्लेडने कापावे. वार ओढून काढू नये. तिला पडायला वेळ लागत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर बाळंतिणीला काहीही करून दवाखान्यात हलवावे. नाळेवर शेण, राख, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये. आजीची माया खरी असली, तरी शेणातून धनुर्वाताचे जंतू येऊ शकतात.

पहिल्या तासातच चीक पाजावा. मध, गुटी किंवा पाणी देऊ नये. पहिले 24 तास आंघोळ घालू नये. बाळ अडीच किलोपेक्षा कमी भरले, तर अंगाला अंग लावून ठेवणे दिवसचे दिवस चालू ठेवावे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना अशी घरगुती काळजी शिकवली. 1995 ते 1998 या काळात 39 गावांत हे काम चालले आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटले. आज घरी जन्मलेल्या बाळाकडे आशाताई 1, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात.

मधल्या दिवसांत घरच्यांनी स्वतः पाहावे: बाळ दूध ओढते का, पाय गार लागतात का, अंग तापले आहे का, नाळेतून पू येतो का. शांत झोपलेल्या बाळाचे श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावेत. ते 60 किंवा अधिक भरले, तर पुन्हा मोजावेत. तेवढेच आले किंवा छाती आत ओढली जात असेल, तर बाळाला छातीशी धरून लगेच दवाखाना गाठावा.