घरी आकाशकंदील करताय? या चुका टाळा

नवरात्र संपलं की घरी आकाशकंदील करायची हौस बऱ्याच जणांना येते आणि ही हौस मला मनापासून आवडते. कामट्या, पतंगाचे कागद, मैद्याची खळ आणि दोऱ्याचं एक रीळ, एवढ्यात जो कंदील होतो त्याचा उजेड प्लास्टिकच्या विकतच्या कंदिलाला येत नाही. पण धनत्रयोदशीला सोसायटीत फिरून बघा, निम्मे घरगुती कंदील एका अंगाला कललेले, कागद सुरकुतलेले नाहीतर फाटलेले. आमच्या बिल्डिंगमधली मुलं दर दिवाळीला माझ्याकडे कंदील शिकायला येतात, त्यामुळे कोण कुठे चुकतं हे मला आता पाठ झालंय, आणि खरं सांगते, दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो, कारण मेहनत सगळ्यांनी केलेली असते.

सगळ्यात मोठी चूक, सांगाडा पक्का व्हायच्या आधी कागद लावायची घाई

आपला नेहमीचा पारंपरिक कंदील घ्या. चोवीस सारख्या काड्या. त्यातल्या सोळा काड्यांचे चार चौकोन करायचे, ते टोकावर उभे धरून बाजूच्या कोपऱ्यांनी एकमेकांना बांधायचे, मग वरची चार टोकं चार काड्यांनी जोडायची आणि खालची चार टोकं उरलेल्या चार काड्यांनी. झाले सहा चौकोन, आणि मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. बांधून झालं की तो हातात छान गोल-गोल दिसतो, मुलं लगेच खळीच्या वाटीकडे हात नेतात आणि मी वाटी उचलून कपाटावर ठेवते.

कारण त्रिकोण हलत नाही पण चौकोन हलतो. सुतळीने बांधलेला चौकोन कितीही आवळून बांधा, एका कोपऱ्याला दाबलं की तो पतंगासारखा तिरका होतो. आणि या कंदिलात असे सहा चौकोन आहेत, त्यामुळे अख्खा सांगाडाच पिळवटतो. खात्री करायची असेल तर वरचा चौकोन एका हातात आणि खालचा दुसऱ्या हातात धरून किंचित पिळा, किती सहज फिरतो ते कळेल.

मागे एकदा सोसायटीच्या मोठ्या मुलांनी ठरवलं की यंदा गेटवर तीन-तीन फुटांच्या काड्यांचा कंदील लावायचा. बांबू आणला, फोडला, बांधला, सगळं उत्तम. मी बघायला गेले तर कागद लावायचं काम चालू. म्हटलं, "अरे, चौकोनांना ताण द्यायचे तिरके दोरे कुठेयत?" तर म्हणाले, "काकू, कागद लागला की आपोआप घट्ट होईल, उद्या वसुबारस आहे, वेळ नाहीये." रात्री अकरापर्यंत कागद लावून झाले, झिरमिळ्या लागल्या, आणि दोरीने वर चढवायला घेतला. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्याला तो जरासा टेकला, फार जोरात नाही, नुसता टेकला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिळवटला. कागद फाटल्याचा आवाज खालपर्यंत आला. खाली उतरवल्यावर मी मुलांना जवळ बोलावून दाखवलं, आठही त्रिकोणांचे कागद जसेच्या तसे होते, एकालाही चीर नाही, आणि फाटले होते ते सगळे चौकोनांचे. त्या पोरांचे चेहरे बघवत नव्हते. मग सगळा कागद खरवडून काढला, पहाटेपर्यंत बसून ताण बांधले आणि नवीन कागद लावला. जे काम आधी केलं असतं तर जेमतेम अर्धा तास लागला असता.

तर माझी पद्धत सांगते. बाजूच्या चार चौकोनांना दोऱ्याची फुली घालायची, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. दोराच घालायचा कारण काडी घातली तर उजेडात तिची जाड सावली कागदावर पडते. वरच्या आणि खालच्या चौकोनाला मात्र एकेक तिरकी काडी, वरच्या काडीच्या मधोमध होल्डर टांगता येतो आणि खालची काडी असूनही बल्ब बदलायला हात आत जातो. चौकोन खरोखर चौकोन झालाय का हे डोळ्यांनी ठरवू नका, दोन्ही तिरकी मापं मोजा, ती सारखी आली पाहिजेत. चौकोनाची बाजू 20 सेंटिमीटरची असेल तर तिरकं माप साधारण 28 येतं. सगळ्या फुल्या झाल्या की प्रत्येक गाठीवर फेविकॉलचा थेंब आणि रात्रभर तसाच ठेवायचा. रात्रभर म्हणजे रात्रभर, हेअर ड्रायर मारून दहा मिनिटांत सुकवू असं म्हणणारे मला दरवर्षी भेटतात, वरून कोरडा दिसतो आणि आत ओलाच असतो.

काड्या कापतानाची चूक

ही लहान वाटते पण कंदील कलतो तो बऱ्याचदा इथेच. पहिली काडी कापली, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असं करत गेलं की प्रत्येक वेळी केसभर वाढतं आणि चोविसावी काडी चांगली बोटभर लांब निघते. एक मापाची काडी करा, तिला लाल खूण करा आणि सगळ्या काड्या तिच्यावरूनच कापा, ती काडी कंदिलात वापरायची नाही. बांधायला दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर जास्त ठेवायचं, म्हणजे 20 ची बाजू हवी तर काडी 22 ची, आणि गाठ बरोबर खुणेवर मारायची. कामट्या पुण्यात बुरूड आळीत मिळतात, बाकी गावात बुरडाकडे सांगून ठेवलं की फोडून देतात. पेर आलेली काडी घेऊ नका, तिथे ती वाकत नाही आणि मोडते. आणि पॉलिश पेपर मारायचा कंटाळा करू नका, एक बारीक कुसळ राहिलं तरी कागद तिथूनच फाटतो, मुलांच्या बोटात जातं ते वेगळंच.

खळ आणि कागद

मैदा थेट उकळत्या पाण्यात टाकला की गुठळ्या होणारच. आधी थंड पाण्यात कालवा, मग मंद गॅसवर ढवळत राहा, पांढरा रंग जाऊन जरा पारदर्शक दिसायला लागली की खळ झाली. बुकबाइंडिंगवाले तिच्यात मोरचूद घालतात म्हणजे कीड लागत नाही, पण ते विषारी आहे, घरात लहान मुलं बसणार असतील तर अजिबात घालू नका, त्यापेक्षा रोज ताजी खळ करा.

कागद ताणून लावू नका. खळीने ओला झालेला कागद फुगतो आणि वाळताना आवळतो, त्यामुळे तुम्ही आधीच खेचून लावलात तर वाळता वाळता कोपऱ्यातून चीर जाते. सैलसर लावा, कडांनाच खळ लावा, वाळला की स्वतःच ताठ होतो.

रंग दुकानात बघून घेऊ नका. गडद निळा आणि मरून कागद दिवसा फार सुंदर दिसतो आणि रात्री बल्ब लावला की काळा ठिक्कर. कागद बल्बसमोर धरून बघा आणि मगच कापा. पिवळा, केशरी, पोपटी, राणी हे रंग कधी दगा देत नाहीत.

दिव्याच्या बाबतीत मात्र मी अजिबात ऐकून घेत नाही

बाकी सगळ्या चुकांत कागद फाटेल, इथे घर पेटू शकतं. कुणीतरी म्हणतं जुना पिवळा 60 वॅटचा बल्बच छान दिसतो, माळ्यावर पडलाय, तोच लावू. तो बल्ब हात भाजेल इतका तापतो, आणि बाजूला काय आहे तर पतंगाचा कागद, वाऱ्याने कंदील हलला की कागद बल्बला टेकणार. पिवळाच उजेड हवा ना, मग वॉर्म व्हाइट एलईडी घ्या, 5 ते 7 वॅट पुरे होतो. एलईडीसुद्धा होल्डरच्या बाजूने तापतो, म्हणून कंदिलाचा वरचा आणि खालचा चौकोन कागदाने बंद करू नका, हवा खेळू दे.

कंदील वायरवर टांगायचा नाही. वजन सुतळीने किंवा तारेने घ्यायचं आणि वायर तिच्याबरोबर ढिली सोडायची, नाहीतर चार दिवस वाऱ्यावर झोके खाऊन होल्डरमधला स्क्रू सैल होतो आणि ठिणग्या उडायला लागतात. वायरला जोड द्यावा लागलाच तर दोन्ही तारांचे जोड समोरासमोर घेऊ नका, एक पुढे आणि एक मागे घ्या आणि दोन्हींवर वेगवेगळी इन्सुलेशन टेप गुंडाळा. आणि प्लग नाही म्हणून वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये घालून वर आगपेटीच्या काड्या खुपसायची जी सवय आहे ना, ती बघितली की माझा संताप होतो. प्लगला कितीसे पैसे लागतात? दिवाळीत पाऊस येतो हे आता काही नवीन नाही, ओल्या गॅलरीत मुलं अनवाणी फुलबाज्या घेऊन फिरत असतात, त्या वायरजवळून.

बाकीच्या, भरभर

खोक्याच्या पुठ्ठ्याची मखर किंवा किल्ल्यामागची कमान करताना आतल्या नळ्या उभ्या येतील असा पुठ्ठा कापा. आडव्या आल्या तर संध्याकाळपर्यंत कमान मान टाकते, मग लोक मागून आणखी पुठ्ठे चिकटवतात आणि वजनाने ती आणखी वाकते.

थर्माकोलचा नादच सोडा. राज्यात 2018 पासून सजावटीला बंदी आहे, आणि ज्यांच्याकडे जुना पडलाय ते त्यावर स्प्रे पेंट मारतात आणि थर्माकोल विरघळून खड्डे पडले की मला फोटो पाठवतात.

नव्या पणत्या आधी दोन-तीन तास पाण्यात बुडवून, सुकवून मग वापरा, नाहीतर निम्मं तेल मातीच पिते. रंगवायच्या तर बाहेरून रंगवा, वात टेकते त्या चोचीला रंग नको.

ग्लू गनने कंदिलाच्या गाठी मारू नका, दुपारच्या उन्हात तो डिंक मऊ पडतो.

झेंडूचं तोरण आदल्या दिवशी ओवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, घाम येऊन फुलं काळी पडतात. ओल्या सुती कपड्यात सैल गुंडाळून ठेवा.

तुळशीचं लग्न झालं की कंदील उतरवून कचऱ्यात टाकणारे लोक बघितले की फार वाईट वाटतं. नीट बांधलेला सांगाडा वर्षानुवर्षे चालतो. ओल्या फडक्याने भिजवून कागद आणि खळ पूर्ण काढा, खळ राहिली तर झुरळं तिच्यावर येतात, मग उन्हात वाळवून जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढच्या वर्षी काढल्यावर कामटीला बारीक भोकं दिसली आणि खाली पिठासारखी भुकटी पडली असेल तर तो सांगाडा वापरू नका आणि नव्या कामट्यांजवळही ठेवू नका, ती कीड त्यांनाही लागते.